अक्षरं टाका, शब्द मिळवा: वर्ड फाइंडर अ‍ॅप चार महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगते, अ‍ॅपचं नाव लिहीत नाहीये. एकतर ह्या टाइपची डझनभर अ‍ॅप्स स्टोअरवर पडलीयत आणि सगळी एकाच साच्यातून काढल्यासारखी, हिरवा नाहीतर निळा आयकॉन, त्यावर लाकडी ठोकळ्यात एखादं अक्षर, आणि दुसरं म्हणजे मी जी कुरकुर करणारे ती बहुतेक सगळ्यांनाच लागू पडेल असं वाटतं. काम काय तर तुमच्याकडे जी इंग्रजी अक्षरं आहेत ती टाकायची आणि ते तुम्हाला त्यातून होणारे शब्द काढून देतं. स्क्रॅबल (हातातले सात अक्षरांचे ठोकळे बोर्डावर लावून इंग्रजी शब्द करायचे, प्रत्येक अक्षराला ठरलेले मार्क) खेळणाऱ्यांना, शब्दकोडी सोडवणाऱ्यांना आणि ज्यांच्या पोरांना शाळेतून "अमुक अक्षरं असलेले दहा शब्द लिहून आणा" असला होमवर्क येतो त्या आयांना हे लागतं. मी तिन्हीत मोडते.

आमच्या घरात स्क्रॅबलचं वेड आणलं ते सासऱ्यांनी. अण्णा वाईला हायस्कूलवर इंग्रजी शिकवायचे, रिटायर झाल्यावर डोंबिवलीला आमच्याकडे आले, येताना दोन ट्रंका, एक कुकर आणि स्क्रॅबलचा एक जुना डबा, ज्यात के चा ठोकळा हरवला म्हणून आगपेटीचा पुठ्ठा कापून त्यावर बॉलपेनने के लिहिलेला. अख्ख्या सेटमध्ये के एकच असतो, त्यामुळे ज्याच्याकडे तो पुठ्ठा जायचा त्याच्याकडे के आहे हे सगळ्यांना आधीच कळायचं, पिशवीत हात घालून नुसता चाचपडला तरी. मागच्या वर्षी मी नवा सेट घेतला तेव्हा अण्णा दोन दिवस त्या नव्या के कडे संशयाने बघत होते.

तर अ‍ॅप का घेतलं ते सांगते. डिसेंबरात भाऊजी आले होते न्यू जर्सीहून तीन आठवडे. रात्री जेवणं झाली की बोर्ड मांडायचा. एका रात्री अण्णांनी झेड आणि ओ असे दोनच ठोकळे खाली ठेवले, झेड बरोब्बर गडद निळ्या चौकोनात, म्हणजे तिप्पट. झेडचे दहा, तिप्पट तीस, ओ चा एक, एकतीस मार्क. भाऊजी म्हणाले, "अण्णा, झो? हे काय आता?" अण्णा शांतपणे म्हणाले, "याक आणि गाय यांच्या संकरातून झालेलं जनावर, तिबेटकडे असतं." भाऊजींनी फोन काढला, त्यांच्या अ‍ॅपमध्ये टाकलं, लाल फुली. मी इकडे घाईघाईत स्टोअरवरून पहिलं दिसलं ते अ‍ॅप उतरवलं, त्यात टाकलं, हिरवी टिक. मग जे काय झालं ते सांगत नाही, आईंनी शेवटी "अहो झोपा आता" म्हणून लाइट घालवला तेव्हा थांबलं.

आणि गंमत अशी की दोघंही बरोबर होते. अमेरिका आणि कॅनडात स्पर्धांना एक शब्दयादी चालते आणि बाकी बहुतेक जगात, आपल्या भारतात पण, कॉलिन्स ह्या डिक्शनरीवाल्यांची यादी चालते. कॉलिन्सची बरीच मोठी आहे, पावणेतीन लाखांच्या वर शब्द आहेत तिच्यात. नुसते दोन अक्षरी शब्द बघितले तरी तिकडे शंभरच्या थोडे वर आणि कॉलिन्समध्ये सव्वाशेच्या आसपास. झो कॉलिन्समध्ये आहे, तिकडच्या यादीत नाही. तिकडे झेडचा दोन अक्षरी शब्द एकच, झा, म्हणजे पिझ्झा ह्या शब्दाचाच शेवटचा तुकडा, आणि हा शब्द म्हणे चालतो पण झो चालत नाही, यावर अण्णांचं जे मत आहे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार इथेच. अ‍ॅप टिक मारतं किंवा फुली मारतं, पण *कुठल्या यादीप्रमाणे* ते स्क्रीनवर कुठेच लिहीत नाही. मला हे कळायला दोन महिने लागले. सेटिंगमध्ये जा, तिथे खाली जा, "मोअर" दाबा, त्यात "डिक्शनरी" म्हणून आहे, त्यात तीन नावं, आणि एकावर आधीच खूण केलेली. म्हणजे पंच कुठल्या देशाचा आहे ते मॅच संपल्यावर कळायचं. अरे बाबांनो, टिकच्या बाजूला बारीक अक्षरात यादीचं नाव टाकायला काय पैसे पडतात का? आमच्याकडे बापलेकांत दोन दिवस अबोला होता ह्या एका ओळीपायी.

बरं आता मुख्य काम, शब्द शोधणं. ते कसं करतं, तर साधं सात अक्षरं टाकून होणारे शब्द काढणं हे एक नंबर करतं, इथे नाव ठेवायला जागा नाही. एल, आय, एस, टी, ई, एन टाका, डोळ्याची पापणी लवायच्या आत लिसन, सायलेंट, एनलिस्ट, टिन्सेल, इनलेट्स सगळे हजर. मला वाटायचं बापरे एवढ्या पटकन लाखो शब्द वाचतं कसं, तर नवऱ्याने (आयटीवाला) समजावलं ते मला आवडलं म्हणून सांगते. रमी खेळताना आपण हातातले पत्ते लावून घेतो ना, तसं हे प्रत्येक शब्दाची अक्षरं ए पासून झेडपर्यंत ओळीने लावून ठेवतं. सायलेंटची अक्षरं लावली की ई-आय-एल-एन-एस-टी, लिसनची लावली तरी ई-आय-एल-एन-एस-टी. हात सारखेच. मग तुम्ही अक्षरं कशीही उलटीसुलटी टाका, ते आधी लावून घेतं आणि त्या चिठ्ठीवर जेवढे शब्द आधीच टाचून ठेवलेत तेवढे काढून देतं. शोधत बसतच नाही. ब्लँक ठोकळ्यासाठी, म्हणजे जो कोरा ठोकळा कुठलंही अक्षर म्हणून चालतो त्यासाठी, प्रश्नचिन्ह टाकायचं असतं, एक टाकलं की २६ शक्यता, दोन टाकली की २६ गुणिले २६, तिथे मात्र माझा फोन जरा गरम होतो आणि मधेच रमीचीच जाहिरात येते, हा योगायोग असावा.

पण खरी मेख पुढे आहे. "ही अक्षरं असलेले शब्द" ह्या एका वाक्याचे चार वेगवेगळे अर्थ होतात आणि हे मला ह्या अ‍ॅपमुळे, म्हणजे ह्या अ‍ॅपच्या घोळामुळे कळलं. एक, *फक्त* हीच अक्षरं वापरून, प्रत्येक एकदाच, स्क्रॅबलसारखं. दोन, ही सगळी अक्षरं असली पाहिजेत, बाकी कुठलीही चालतील, क्रम कसाही. तीन, ही अक्षरं सलग, ह्याच क्रमाने शब्दात कुठेतरी आली पाहिजेत. आणि चौथा प्रकार भाऊजींचा, त्यावर येतेच. अ‍ॅपमध्ये ह्या सगळ्यासाठी एकच मोठा डबा आहे वर आणि खाली तीन छोटे, "स्टार्ट्स", "एंड्स", "कंटेन्स". आता कंटेन्स म्हणजे दोन नंबर का तीन नंबर? कुठे लिहिलेलं नाही. मी आठवडाभर दोन नंबर समजून वापरत होते, निघालं तीन नंबर. त्यामुळे तो आठवडाभर माझ्या लेकीला, चिऊला, होमवर्कमध्ये मी अर्धेच शब्द देत होते आणि मॅडमकडून "गुड, बट ट्राय हार्डर" असा शेरा येत होता. शेरा कोणाला होता ते तुम्हीच ठरवा.

चिऊ सातवीत आहे. तिला एकदा आलं, एक्स, वाय, झेड तिन्ही असलेला शब्द आणा. आता साधं बघायला गेलं तर क्रम कसाही चालत असेल तर ऑक्सिजनाइझ होतो, झेडवालं स्पेलिंग घेतलं तर. पण हिने वर्गात जाऊन सांगून ठेवलेलं की माझी आई सलग काढून देईल. झालं. रात्री साडेदहाला कंटेन्सच्या डब्यात एक्सवायझेड टाकलं, मला वाटलं काय येणार कप्पाळ, तर यादी आली छोटीशीच आणि तिच्यात एक शब्द, हायड्रॉक्सिझिन. अर्थ? अ‍ॅप अर्थ देत नाही. मी म्हटलं हे काहीतरी केमिकल दिसतंय. अण्णा पलीकडे पेपर वाचत होते, म्हणाले, "काय म्हणालीस? परत म्हण." मी परत म्हटलं. उठले, आपला गोळ्यांचा प्लास्टिकचा डबा आणला, पावसाळ्यात त्यांना अंगाला खाज सुटते त्यासाठी डॉक्टरांनी दिलेली जुनी स्ट्रिप काढली, चष्मा कपाळावर सरकवून उलटी करून डोळ्याजवळ धरली, आणि चांदीच्या कागदावरचं ते मुंगीएवढं अक्षर बोटाने दाखवत चिऊला म्हणाले, "हे बघ. एच, वाय, डी, आर, ओ, आणि आता बघ, एक्स, वाय, झेड." सहा महिने रोज रात्री तो शब्द गिळत होते. चिऊ दुसऱ्या दिवशी स्ट्रिपच घेऊन शाळेत जाणार होती, मी अडवली, गोळ्या दप्तरात सापडल्या तर कुठे निस्तरणार.

मग काय, त्या दोघांना छंदच लागला. ए बी सी सलग असलेला शब्द? डॅबचिक. परत अर्थ नाही. सर्च केलं तर पक्षी निघाला, फोटो बघून अण्णा म्हणाले, "अगं ही तर टिबुकली!" वाईजवळच्या धोम धरणाच्या पाण्यात दिसायची म्हणे, आपण बघतोय म्हटलं की टुपकन बुडी मारणार आणि भलतीकडेच वर येणार. एच आय जे साठी हायजॅक, एन ओ पी साठी कॅनॉपी, आर एस टी साठी तर साधा फर्स्ट. पाचही स्वर क्रमाने असलेला फसीशस. उलट्या क्रमाने, यू पासून ए पर्यंत, सबकाँटिनेंटल, आपल्याच उपखंडाचं विशेषण. हा शब्द अण्णांना अ‍ॅपच्या आधीपासून माहीत होता, आणि तो सांगताना त्यांचा चेहरा असा होतो की जणू त्यांनीच तो तसा बनवलाय.

तर दुसरी तक्रार, अर्थ. यादी देतात ढीगभर, पण शब्दावर बोट ठेवलं तर अर्थ येत नाही, मार्क येतात. मार्क! डॅबचिकचे एवढे मार्क. ह्यावर भाऊजींचं म्हणणं, वहिनी अर्थ लागतोच कशाला, न्यूझीलंडचा तो नायजेल रिचर्ड्स फ्रेंच येत नसताना नऊ आठवड्यांत यादी पाठ करून २०१५ ला फ्रेंच स्क्रॅबलचा वर्ल्ड चॅम्पियन झाला. खरंय ते, आणि २०२४ ला स्पॅनिशमध्ये पण जिंकला. पण तो नायजेल रिचर्ड्स. आमच्या घरात अर्थ न सांगता शब्द ठेवला तर अण्णा तो ठोकळा उचलून हातात देतात.

फोटोचं फीचर आहे, कॅमेरा बोर्डावर धरायचा आणि ते अक्षरं वाचतं. जाहिरातीत फार भारी दाखवलंय. आमच्याकडे ट्यूबलाइट ठोकळ्यावर चमकते त्यामुळे एम ला डब्ल्यू म्हणतं, आडव्या पडलेल्या एन ला झेड म्हणतं, आणि एकदा तर अख्ख्या बोर्डावर पाच एस मोजून दाखवले. अण्णा लगेच, "पाच येतील कसे? एस चारच असतात." आणि मग ती गोष्ट, जी आमच्या घरी दर दिवाळीला होते, की हा खेळ काढणारा आल्फ्रेड बट्स हा न्यूयॉर्ककडचा आर्किटेक्ट, १९३० च्या मंदीत नोकरी गेली, घरी बसून न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावरची अक्षरं मोजत बसला की कुठलं किती वेळा येतं, त्यावरून ई बारा, ए आणि आय नऊ-नऊ, आणि एस मुद्दाम कमी ठेवला, नाहीतर जो तो शेवटी एस चिकटवून अनेकवचन करत सुटेल. शंभर ठोकळे, त्यात दोन कोरे. त्याला ते नाव स्क्रॅबल मिळालं ते १९४८ ला, दुसऱ्याच माणसाने दिलं. अण्णांच्या मते अ‍ॅप बनवणाऱ्याने निदान एवढं मोजायला शिकवायला पाहिजे होतं त्याला, की शंभरच्या वर ठोकळे दिसले किंवा पाचवा एस दिसला तर "परत फोटो काढा" म्हण. मला हे पटलं, रिव्ह्यूत लिहायला सांगितलंय म्हणून लिहिलं.

आता चौथा प्रकार. भाऊजी रोज सकाळी न्यूयॉर्क टाइम्सचं स्पेलिंग बी खेळतात. मधमाशीच्या पोळ्यासारखी सात अक्षरं, मधलं अक्षर प्रत्येक शब्दात आलंच पाहिजे, चार अक्षरांच्या खाली शब्द चालत नाही, सातही वापरली तर पँग्राम आणि सात मार्क जास्तीचे. आणि एस कधीच नसतो, म्हणजे बट्सचं दुखणं ह्यांनी मुळापासून उपटून टाकलं. पेपरच्या रविवारच्या पुरवणीत होतं ते आधी, २०१८ ला ऑनलाइन आलं. ह्यात मुख्य फरक काय, तर एकच अक्षर कितीही वेळा वापरता येतं. स्क्रॅबलमध्ये एन एक आणि ए एक असेल तर नान होत नाही, बी मध्ये होतो. मी एकदा भाऊजींना मदत म्हणून आमच्या अ‍ॅपमध्ये त्यांची सात अक्षरं टाकून यादी पाठवली, त्यांना वाटलं वहिनी चेष्टा करतेय, कारण त्यांनी जे आधीच शोधलेले त्याच्या निम्मे पण त्यात नव्हते. अक्षर परत वापरायची सोय आहे अ‍ॅपमध्ये, पण ती आहे "अ‍ॅडव्हान्स्ड" मध्ये, आणि अ‍ॅडव्हान्स्ड आहे पैसेवाल्यांना.

हां, पैसे. तीन दिवस फुकट, मग वर्षाला ४९९. फुकटच्या तीन दिवसांसाठी पण यूपीआय ऑटोपे लावून घेतात. मी म्हटलं तिसऱ्या दिवशी काढून टाकीन, तिसऱ्या दिवशी आमच्याकडे सत्यनारायण होता. पैसे कापायच्या २४ तास आधी मेसेज येतो, तो आरबीआयच्या नियमानेच यावा लागतो, मला पण आलेला, पण ओटीपी, वीजबिल आणि तीन लोनवाल्यांच्या मधे कुठेतरी. गेले ४९९. कस्टमर केअरला मेल टाकला, उत्तर आलं "वी व्हॅल्यू युअर फीडबॅक", त्याच्या आधी ना शेंडा ना बुडखा. तुम्ही घेणार असाल तर उतरवल्या उतरवल्या आपल्या यूपीआय अ‍ॅपमध्ये जाऊन ऑटोपेच्या यादीत ते बंद करून टाका, तीन दिवस तरी चालतं ते. माझ्या जावेच्या भाचीने असंच केलं, तिचं चाललं.

नवऱ्याला हे ४९९ कळल्यावर त्याने जे करायचं तेच केलं. "एवढ्यासाठी पैसे? मी रविवारी बनवून देतो." त्याच्या मॅकमध्ये म्हणे इंग्रजी शब्दांची एक फाइल कंपनीकडूनच आलेली असते, साधी टेक्स्ट फाइल, दोन लाख पस्तीस हजारांच्या आसपास शब्द, एका ओळीवर एक. ग्रेप नावाची कमांड मारली की हवी ती अक्षरं असलेले शब्द चाळून बाहेर. खरंच चार ओळीत केलं त्याने, जाहिरात नाही, ऑटोपे नाही, आणि कंटेन्सचा अर्थ काय ते तुम्ही स्वतःच लिहायचं त्यामुळे घोळ नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग अण्णांनी परीक्षा घेतली.

अण्णांची एक युक्ती आहे, ती इथे सांगते कारण ती कुठल्या अ‍ॅपने मला शिकवली नाही. सटायर ह्या शब्दाची सहा अक्षरं हातात ठेवायची, एस-ए-टी-आय-आर-ई, आणि सातवं अक्षर येईल त्याच्याबरोबर शब्द करायचा. एन आला, रिटेन्स किंवा नॅस्टिअर. पी आला, पार्टीज किंवा पायरेट्स. एल आला, रिअलिस्ट. एफ आला, फेअरेस्ट. डी आला, टायरेड्स. जवळपास काहीही येऊ दे, सात अक्षरं एकदम खाली आणि पन्नास मार्क बोनस. तर त्यांनी नवऱ्याला सांगितलं, पी टाक. आला ट्रेप्स. पार्टीज नाही, पायरेट्स नाही. म्हणाले, "हे कुठलं रे यंत्र, ह्याला अनेकवचन येत नाही?" आणि खरंच येत नव्हतं. ती फाइल म्हणे १९३४ सालच्या वेबस्टर डिक्शनरीवरून केलेली आहे, तिच्यात मूळ शब्द आहेत, त्यांची रूपं बहुतेक नाहीतच. मग चिऊने एक्सवायझेड टाकायला लावलं. हायड्रॉक्सिझिन पण नाही. नसणारच, ते औषधच आलं १९५० च्या दशकात. नवरा म्हणाला दुसरी फाइल मिळते नेटवर, बघतो. ते बघणं अजून चालू आहे.

अ‍ॅपच्या बाजूने एक सांगायलाच पाहिजे. क्यू आला पण यू नाही अशी वेळ सगळ्यांवर येते, त्यासाठी ह्यात तयार यादी आहे, एका टॅपवर. ची म्हणजे ती चिनी प्राणशक्ती, क्यू आणि आय, अकरा मार्क, ती तर पाठच पाहिजे. पण त्या यादीत खाली गेलं की आपलीच माणसं भेटतात, फकीर, निकाब, तलाक, कव्वाली, सगळे क्यू वाले. मग मी नाद लागल्यासारखं आपले शब्द टाकून बघत बसले. लाख आहे, क्रोर आहे. रोटी, दाल, घी, समोसा, पकोडा आहे. लाठी आहे, डाकू आहे त्यांच्या स्पेलिंगने. घेराव आहे, धरणं आहे, बंद आहे, हरताळ आहे. इंग्रजांना आपण दिलेल्या शब्दांत अर्धे खायचे आणि अर्धे आंदोलनाचे, हे बघून अण्णा इतके खूश झाले की पुढच्या डावात त्यांनी घेराव ठेवला. दहाच मार्क, पण ठेवताना आवाज असा केला की शेजारच्यांनी बेल मारली.

कॉपी होते का ह्याने? होते. चिऊला मी पहिल्या आठवड्यात पकडलं, बोर्डाच्या खाली मांडीवर फोन. आमच्याकडे आता नियम असा, डाव चालू असताना फोन फ्रिजवर, चॅलेंज केलं तरच उतरवायचा, चॅलेंज चुकलं तर चॅलेंज करणाऱ्याची पाळी गेली. डाव संपल्यावर मात्र सगळे ते घेऊन बसतो, कोणाच्या हातात काय असताना काय सुटलं ते बघायला, आणि मला विचाराल तर हे अ‍ॅप त्या दहा मिनिटांसाठीच आहे. आईंच्या हातात एकदा नॅस्टिअर होतं आणि त्यांनी बोर्डावरच्या ओ ला नुसता टी लावून टू केलं होतं. हे कळल्यावर त्या जे चिडल्या, आता त्या रोज खेळतात.

रिन्यू करणार का? ऑटोपे बंद केलंय. मुदत डिसेंबरपर्यंत आहे तोवर वापरणार, मग चिऊ आठवीत जाईल आणि होमवर्कचं काय ते बघू. पाचपैकी तीन स्टार देतेय, शोधायचा वेग आणि क्यूच्या यादीसाठी. एक कापला अर्थ नाहीत म्हणून आणि एक त्या लपवलेल्या डिक्शनरीसाठी. घेतलंत तर पहिलं काम ते सेटिंग, भारतात खेळत असाल तर कॉलिन्स लावा, आणि ज्याच्याशी खेळताय त्याच्या फोनमध्ये काय लावलंय तेही पहिला ठोकळा ठेवायच्या आधी विचारून घ्या.

भाऊजी येत्या डिसेंबरात परत येतायत. कॉलिन्सचे दोन अक्षरी शब्द अण्णांनी कधीच विमा एजंटने दिलेल्या डायरीत उतरवून ठेवलेत, पानाला दहा, समोर मराठीत अर्थ. आता त्यांना अमेरिकेची यादी पण पाहिजे, एकाच यादीत असलेल्या शब्दांवर लाल पेनाने खुणा करायच्यात म्हणे. प्रिंट मला ऑफिसातून काढून आणायला सांगितलीय, दोन्ही बाजूंनी, फाँट मोठा.